अर्धा गुण

आमच्या काकांच्या नावावर बुद्धिबळातला अर्धा गुण जमा आहे. कुठल्या संघटनेच्या दप्तरी त्याची नोंद नाही. पण साठेक वर्षांपूर्वी मिरजेत जे पटावर बसत, त्यांतला एखादा अजून कुठे भेटलाच तर हमखास म्हणतो, "तुझ्या काकांनी मुंबईच्या मास्तरला अडवलं होतं बरं का!" अडवलं. हरवलं म्हणत नाही कुणी. तरीही सांगताना म्हाताऱ्याची मान अशी ताठ होते, की आपणच अडवलं असावं.

काका रेल्वेत, पार्सल ऑफिसात कारकून होते. मिरज जंक्शन असल्यामुळे गाड्यांना तोटा नव्हता आणि वेळापत्रक काकांच्या जिभेवर. लग्नकार्याला निघालेली माणसं स्टेशनवर चौकशीला न जाता आमच्या ओसरीवर येत. संध्याकाळी ड्यूटी संपली की काका घरी येऊन चहा घेत, टोपी बदलत आणि मंडळात जात. मंडळ म्हणजे भुईमुगाच्या शेंगांच्या वखारीवरची माडी. खाली पोती, वर आठ पट, एक सतरंजी, चाळीसचा एक दिवा आणि माठ. दिवा गेला की कंदील येई आणि त्याच्या उजेडात उंट कुठला नि प्यादं कुठलं यावरून निम्मी भांडणं होत. उरलेली निम्मी बघ्यांमुळे. खेळणारे दोन आणि सांगणारे सहा, हे प्रमाण कधी बदललं नाही. "उंट काढा, उंट!" असं ओरडणाऱ्या एका निवृत्त फौजदारांना काका शांतपणे म्हणत, "उंट काढतो, पण आधी त्याच्यावरनं तुम्ही उतरा."

मंडळाची वर्गणी महिना दोन आणे. १९५७ साली नवी नाणी आली आणि मंडळाच्या इतिहासातला सगळ्यात गंभीर पेच उभा राहिला. चार आण्यांचे पंचवीस नये पैसे होतात, तिथे वांधा नाही. दोन आण्यांचे साडेबारा! अर्धा नया पैसा सरकारने पाडलेला नाही. वकिलांचं म्हणणं बारा घ्यावेत, खजिनदारांचं म्हणणं तेरा. तीन संध्याकाळी डाव मांडले गेले नाहीत. शेवटी एका महिन्याला बारा आणि पुढच्या महिन्याला तेरा असा तोडगा निघाला. त्यानंतर तेराच्या महिन्यात काही सभासद नेमके परगावी जाऊ लागले.

दुसरं भांडण जुनं होतं आणि त्यात दोन्ही पक्ष खरे होते. म्हाताऱ्यांचा डाव देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसला नसेल तर राजाने एकदाच घोड्यासारखी उडी मारून घ्यायची. प्यादं पलीकडे पोचलं की उठसूट वजीर व्हायचं नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं, ते मोहरं व्हायचं. एका बाजूला नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे डाव तिथेच थांबला, पुरती हार नाही. आणि मात करायची तर प्याद्याने. वजिराने मात करणाऱ्याकडे म्हातारे अशा नजरेने बघत, जणू त्याने चिलट मारायला बंदूक काढली. तरुणांना मात्र विलायती नियम हवे होते. अखिल भारतीय संघटना १९५१ मध्ये निघाली होती, स्पर्धा त्या नियमांनी होत होत्या; देशी खेळून मिरजेबाहेर कोण विचारणार? मला विचाराल तर देशी डाव मिरजेच्या हवेला जास्त मानवणारा होता. कुणालाच घाई नसे.

घाई होती सांगलीला. आमच्यापासून सहा मैलांवर, पण तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं होतं आणि तिथली पोरं रीतसर शिकत होती. रीतसर शिकणं हा आमच्या माडीवर हेटाळणीचा विषय. "बुद्धिबळ काय शिकवायचं असतं? ते काय बीजगणित आहे?" असं म्हणत आमची मंडळी रविवारी सायकलींवरून सांगलीला सामने खेळायला जात आणि संध्याकाळी वारं समोरून होतं अशी तक्रार करत परत येत. पुढे त्याच सांगलीतून भाग्यश्री साठे निघाली आणि महिलांची राष्ट्रीय विजेती झाली. त्याआधी १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हापासून वासंती, जयश्री, रोहिणी या खाडिलकर बहिणींनी दहा वर्षं विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. आमच्या माडीचा जिना मात्र एकही बाई कधी चढली नाही. काकूसुद्धा खाली उभी राहून मला वर पिटाळी, "सांग त्यांना, पानं घेतलीत." काका म्हणत, "दोनच चाली." त्या दोन चालींवर आमटी तीनदा तापत असे.

काका कसे खेळत, हे सांगायचं तर प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मध्यम. सुरुवात चांगली, मध्य बरा, शेवटी गाडी यार्डात. पण हरल्यावर असा प्रसन्न दिसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मंडळं अशाच माणसांवर चालतात. जिंकणारे येतात, जिंकतात आणि मोठ्या गावाला जातात. रोज संध्याकाळी सतरंजी अंथरायला हरणारेच लागतात.

काकांची दैवतंही त्यांच्या मापाचीच होती. १९५५ साली आंध्रात एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आपले रामचंद्र सप्रे विजेते ठरले, पण एकटे नव्हे. डी. व्यंकय्यांबरोबर संयुक्तपणे. माडीवर काहींना हळहळ वाटली की आख्खं मिळायला हवं होतं. काकांनी पेढे वाटले. "अर्ध्या विजेतेपदाचे अर्धे पेढे," असं म्हणत त्यांनी खरोखरच एकेक पेढा मोडून दोघांत दिला. त्यात काटकसरीचा भाग किती आणि तत्त्वाचा किती, हे काकूला ठाऊक.

दुसरं दैवत त्याहून जुनं. सुलतान खान नाव तेव्हा माडीवर सगळ्यांना माहीत होतं. पंजाबातला माणूस, सर उमर हयात खानांच्या पदरी असलेला, देशी डावावर वाढलेला. विलायती नियम मोठेपणी शिकला आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आला. हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं. एक प्यादं एकच घर सरकवणारा माणूस जगज्जेत्या राहिलेल्या माणसाला हरवतो, याचा आमच्या म्हाताऱ्यांना स्वतःच कापाब्लांकाला हरवल्याइतका आनंद होता. परत आल्यावर १९३५ मध्ये त्याचा व्ही. के. खाडिलकरांशी सामना झाला. दहा डाव. नऊ सुलतान खानने जिंकले आणि एक बरोबरीत सुटला.

काका त्या एका डावावर बोलायला लागले की माठातलं पाणी संपत असे. "नऊ डाव हरलेला माणूस दहाव्या खुर्चीवर बसतो कसा, ते सांगा," असा त्यांचा सवाल असे. बरोबरीचा डाव शेवटचाच होता की मधला, हे काकांना माहीत नव्हतं. त्यांनी तो शेवटी ठेवला होता, कारण तिथे तो शोभत होता.

आता घोडीविषयी. सावंतवाडीहून आणलेल्या लाकडी सोंगट्यांचा काकांचा स्वतःचा एक संच होता. त्यातला एक काळा घोडा हरवला. माडीवर उंदीर फार, त्यामुळे संशय उंदरांवर गेला. इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, तो मी गोट्यांच्या बदल्यात देऊन टाकला होता. आमच्या सभासदांत एक तंबोरे करणारे होते. मिरजेत सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं. उरुसाच्या दिवसांत गावोगावचे गवई दर्ग्यात गायला येत, तेव्हा जवारी काढून घ्यायला यांच्या दारात रांग लागे आणि मंडळ ओस पडे. काका त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "एक घोडा करून द्या." ते हसले. "आम्ही घोडी करतो. घोडा कधी केलेला नाही." तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, हे सांगायला नकोच. तरी खुंट्या करून उरलेल्या शिसवीच्या तुकड्यातून त्यांनी दोन दिवसांत घोडा कोरून दिला. मान थेट तंबोऱ्याच्या खुंटीसारखी, कान नाहीत, पण पॉलिश असं की दिव्याचा उजेड तिच्यावर घसरून पडावा. तेव्हापासून ती घोडीच. काका डाव मांडताना तिला न चुकता राजाच्या बाजूला ठेवत. "गाणं राजाच्या शेजारी हवं," म्हणत.

मी सातवीत होतो त्या वर्षी मुंबईचे एक नामवंत खेळाडू सांगलीला आले होते, ते परतीच्या वाटेवर संध्याकाळी मिरजेत थांबले. शाळेच्या हॉलमध्ये बाकं जोडून वीस पट मांडले. ते एकटे पांढऱ्या सोंगट्या घेऊन फिरणार आणि आम्ही वीस जण बसून हरणार, अशी व्यवस्था. पट-सोंगट्या ज्याने त्याने आणायच्या. काका घोडीसह अठराव्या पटावर. पाहुणे आले, घोडीपाशी क्षणभर थांबले, ती उचलून पाहिली आणि काही न बोलता जागेवर ठेवली. त्यांचे बूट नवे होते. प्रत्येक फेरीला करकरत. आठ वाजेपर्यंत वकील, फौजदार, ड्रॉइंगमास्तर सगळे गारद. नऊला तीन पट उरले. दहाची पुण्याची गाडी होती. चिटणीस घड्याळाकडे बघत होते, बाहेर टांगा उभा होता, टांगेवाला खाकरत होता. उरलेल्या तिघांतले दोघे मग घाईने पडले. पाहुणे काकांसमोर उभे राहिले, बराच वेळ पटाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बरोबरी?"

काकांनी पटावरची नजर काढली नाही. मग उठले, हात पुढे केला आणि म्हणाले, "गाडी आज वेळेवर आहे."

गाव टाळ्या वाजवत घरी गेलं. त्या रात्री काकूने आमटी एकदाच तापवली. पुढे काही नतद्रष्टांनी बरोबरी काकांना मिळाली नसून रेल्वेला मिळाली, असंही म्हणून घेतलं. काका त्यावर कधी बोलले नाहीत. खाडिलकर-सुलतान खान यांच्याविषयी मात्र पूर्वीसारखेच बोलत राहिले.

परवा जुनी ट्रंक उघडली, तर वेळापत्रकांच्या गठ्ठ्यात त्या डावाचा कागद निघाला. पार्सलच्या पावतीची पाठकोरी बाजू, शाईच्या पेन्सिलीने लिहिलेली. त्या काळी चाल लिहायची पद्धत अशी होती की प्रत्येक जण आपापल्या बाजूने घरं मोजे. त्यामुळे एकाच घराला दोन नावं. माझं दुसरं ते तुझं सातवं. काकांची लघुरूपंही त्यांची स्वतःची: 'घो–राउं३' म्हणजे घोडा राजाच्या उंटाच्या तिसऱ्या घरात. माझ्या नातवाला, जो क्लासला जातो आणि ए-बी-सी-डीत चाली बोलतो, तो कागद मोडीसारखा वाटला. तरी मी सांगत गेलो आणि तो फोनवर चाली भरत गेला. बाविसाव्या चालीपर्यंत गाडी नीट आली. तेविसावीला अडली. दोन्ही काळे घोडे वजिराच्या पुढच्या घरात जाऊ शकत होते.

"कोणता घोडा, आजोबा? आणि इथे हे चुकलंय बघा. सगळीकडे 'घो' लिहिलंय, इथेच आख्खं 'घोडी' लिहिलंय."

मी चष्मा पुसला. "राजाच्या बाजूचा," म्हटलं.

"कशावरून?"

"तू भर तर खरं."

त्याने भरला. पुढच्या आठ चाली सरळ लागल्या आणि कागदावर 'बरोबरी' असा शब्द, खाली दुहेरी रेघ. फोनमधल्या इंजिनाने दोन सेकंद विचार केला. नातवाने स्क्रीन माझ्याकडे वळवली, मग परत स्वतःकडे घेतली.

"काळा जिंकतोय," तो म्हणाला. "चार चालींत पांढऱ्याचा हत्ती पडतो. सोपं आहे, मलासुद्धा दिसतंय. मग पणजोबांनी बरोबरी का घेतली?"

"पाहुण्यांची गाडी होती."

"मग त्यानंतर गाडी नव्हती का?"

"होती," मी म्हटलं. "पहाटेची."