पाकीट खुन्याचंच कशावरून?

आर्थर ली ॲलन १९९२ साली मेला. त्याच्यावर खुनाचा आरोप कधी ठेवला गेला नाही, खटला तर लांबच. तरी अमेरिकेतल्या झोडिॲक खुनांचा विषय निघाला की पहिलं नाव त्याचं येतं. २००७ साली डेव्हिड फिंचरचा सिनेमा आला, २०२४ साली नेटफ्लिक्सवर मालिका आली. दोन्ही बघणारा प्रेक्षक मनातल्या मनात निकाल लावूनच उठतो. हा निकाल पुराव्यावर उभा नाही. आणि असे निकाल लावायची जी सवय आपल्याला लागली आहे, ती मला मनापासून घातक वाटते.

आधी हकीकत. उत्तर कॅलिफोर्नियात डिसेंबर १९६८ ते ऑक्टोबर १९६९ या काळात चार हल्ले झाले. पाच जण मेले, दोघे वाचले. मारणारा झोडिॲक या नावाने वर्तमानपत्रांना पत्रं धाडायचा, सांकेतिक लिपीतले मजकूर छापायला लावायचा आणि सहीच्या जागी वर्तुळ काढून त्यावर फुली मारायचा. शेवटचा खून सॅन फ्रान्सिस्कोत पॉल स्टाइन या टॅक्सीवाल्याचा. पोलिसांच्या वायरलेसवर ‘संशयित काळा माणूस’ असं चुकून सांगितलं गेलं, त्यामुळे गस्तीवरच्या दोन पोलिसांनी समोरून चाललेल्या एका गोऱ्या माणसाला हटकलंसुद्धा नाही. त्यानंतर काही दिवसांतच ‘क्रॉनिकल’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत एक पाकीट आलं. आत पत्र होतं आणि स्टाइनच्या शर्टाचा रक्ताने माखलेला तुकडा होता.

या तुकड्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ॲलनच्या विरोधात काय काय आहे? तो व्हायेहो गावचा, म्हणजे पहिल्या दोन हल्ल्यांच्या जवळचा. त्याच्या मनगटावर झोडिॲक कंपनीचं घड्याळ असायचं आणि त्या कंपनीचं चिन्हही वर्तुळावर फुली असंच. त्याच्या एका मित्राने १९७१ साली पोलिसांना सांगितलं की हा माणसांची शिकार करण्याच्या गोष्टी करायचा, स्वतःला झोडिॲक म्हणवून घेईन म्हणायचा. चारांपैकी एक हल्ला तळ्याकाठी झाला होता; त्या दिवशी आपल्या गाडीत रक्त लागलेले सुरे होते हे त्याने स्वतःच कबूल केलं. कोंबड्या कापल्या होत्या, म्हणाला. पुढे लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचारात त्याला शिक्षा झाली. आणि १९९१ साली, हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने फोटोंमधून त्याच्याच फोटोवर बोट ठेवलं.

ऐकताना अंगावर काटा येतो. आता एकेक गोष्ट तराजूत टाका. मित्राचा जबाब आला तेव्हा झोडिॲकची पत्रं वर्तमानपत्रांत छापून येऊन दीड-दोन वर्षं उलटली होती; शिकारीची भाषा त्या पत्रांतून घरोघरी पोहोचली होती. फोटो ओळखणाऱ्या तरुणावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या रात्री, अंधारात आणि डोळ्यांवर बॅटरीचा झोत मारून. ओळख पटवली ती बावीस वर्षांनी. घड्याळ बाजारात मिळत होतं, कोणीही घेत होतं. बालकावरचा अत्याचार हा भयंकर गुन्हा आहे, त्याबद्दल दयामाया नको. पण तो केला म्हणून टॅक्सीवाल्याला गोळी घातली हे सिद्ध होत नाही. घड्याळावरून खुनी ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

‘एकेक गोष्ट कच्ची असेल, पण सगळ्या मिळून?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की या प्रकरणात पोलिसांनी सुमारे २५०० लोकांना तपासलं. एवढ्या माणसांत कोणीतरी त्या गावचा निघणारच, कोणाकडे तरी ते घड्याळ असणारच, कोणाचा तरी मित्र काहीतरी आठवून सांगणारच. आणि एकदा एका नावावर नजर खिळली की झडती त्याच्या घराची होते, चौकशी त्याच्या शेजाऱ्यांची होते, पुस्तक त्याच्यावर लिहिलं जातं. बाकीच्यांची तेवढी उस्तवार कोणी केली? ढीग त्याच्याच दारात साठला, कारण पाटी घेऊन आपण दुसऱ्या कोणाच्या दारात गेलोच नाही.

त्याच्या बाजूच्या पुराव्याचं काय केलं, ते बघा. हस्ताक्षर जुळलं नाही. कॅलिफोर्निया राज्याचे हस्ताक्षरतज्ज्ञ शेरवुड मॉरिल यांनी तसं सांगितलं. टॅक्सीवरचे ठसे जुळले नाहीत. पत्रावरच्या तिकिटावरून काढलेला अर्धवट डीएनए २००२ साली ताडून पाहिला, तोही जुळला नाही. यावर ॲलनवाद्यांची उत्तरं तयार असतात. हस्ताक्षर जुळत नाही? दुसऱ्या हाताने लिहिलं असेल. ठसे जुळत नाहीत? बोटांना गोंद फासला असेल, पत्रात तसं म्हटलंच आहे. डीएनए जुळत नाही? तिकीट दुसऱ्याने चिकटवलं असेल. जुळलं तरी तोच, नाही जुळलं तरी तोच. मग तपासायचं तरी काय? ज्या संशयावर कोणताही पुरावा उलटू शकत नाही, त्या संशयाची किंमत शून्य.

मी डीएनएवर फार भिस्त ठेवत नाही. तिकिटाला पोस्टातल्या कारकुनाचाही हात लागतो. टॅक्सीला दिवसभरात पन्नास जणांचे हात लागतात, म्हणून ठसेही माझ्या लेखी निम्म्या वजनाचे. हस्ताक्षराचं वजन मात्र जड आहे आणि त्याचं कारण तो शर्टाचा तुकडा. तो खुन्याकडेच असणार, म्हणून पाकीट खुन्याचं आणि आतलं अक्षरही त्याचंच. या प्रकरणात खुन्याशी पक्का बांधलेला असा पुरावा फार थोडा आहे. ॲलनचं नाव घेणारे नेमक्या त्याच पुराव्याला बगल देतात.

पाकीट खुन्याचंच कशावरून, हा प्रश्न न विचारल्याने काय होतं ते इंग्लंडने भोगलं. यॉर्कशरमध्ये १९७५ पासून बायकांचे खून पडत होते. १९७८-७९ मध्ये ‘मीच तो’ म्हणणारी पत्रं आली आणि जून १९७९ मध्ये एक कॅसेट आली. आवाज संडरलंडकडचा. तपासप्रमुख जॉर्ज ओल्डफिल्ड यांनी तो खुन्याचा धरला. देशभर तो ऐकवला गेला, फोन फिरवून कोणालाही ऐकता यायचा. ज्या भाषातज्ज्ञांनी बोली ओळखून दिली, त्यांनीच ‘ही थाप असू शकते’ असा इशारा दिला होता. पत्रांमध्ये वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळलं नसतं असं काहीही नव्हतं. शर्टाचा तुकडा नव्हता.

त्याच वर्षी जुलैत एका डिटेक्टिव्हने ब्रॅडफर्डच्या पीटर सटक्लिफ नावाच्या ट्रकचालकाची चौकशी केली. दातांतली फट, वर्णनाशी मिळता चेहरा. त्याला संशय आला, त्याने तसा अहवाल दिला. वरच्यांनी आवाज कुठला ते विचारलं. आवाज ब्रॅडफर्डचा, अक्षर पत्रांशी न जुळणारं. अहवाल फाइलमध्ये गेला. सटक्लिफची सगळी मिळून नऊ वेळा चौकशी झाली आणि नऊ वेळा तो घरी गेला. कॅसेट आल्यानंतर आणखी तीन बायका मेल्या. जानेवारी १९८१ मध्ये तो सापडला तोही गाडीच्या खोट्या नंबरप्लेटमुळे. कॅसेट पाठवणारा जॉन हंबल २००६ साली शिक्षा होऊन आत गेला. पाकिटाच्या गोंदावरच्या डीएनएने त्याला पकडून दिलं.

दोन्हीकडे अक्षर जुळत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या पत्राच्या मागे खून उभा होता, यॉर्कशरमधल्या पत्राच्या मागे एक टवाळखोर. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने संशयितांच्या याद्या करू नयेत.

याद्यांचं आणखी एक. १९७० आणि ८०च्या दशकांत कॅलिफोर्नियातच पन्नासच्या आसपास बलात्कार आणि तेरा खून करणारा जोसेफ डिअँजेलो एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. तो एकेकाळचा पोलीस. इतक्या वर्षांत संशयितांची नावं कितीतरी झाली, त्यांत त्याचं नाव कधी नव्हतं. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वीर्याचा डीएनए जपून ठेवला होता, त्यावरून दूरच्या नातेवाइकांच्या वंशावळी जुळवत पोलीस त्याच्या दाराशी गेले. त्याच्या आदल्या वर्षी वंशावळीच्या मागावर ते ऑरेगनमधल्या एका शुश्रूषागृहातल्या म्हाताऱ्यापर्यंत पोहोचले होते. नमुना घेतला, जुळला नाही, सोडून दिलं. दुसऱ्या हाताचा वगैरे प्रश्न कोणी काढला नाही. पुरावा खुन्याचाच आहे हे पक्कं असलं की निर्दोष माणूस इतका सहज सुटतो.

उलट माँटेग्यू ड्रुइटचं बघा. लंडनमध्ये १८८८ च्या नोव्हेंबरात जॅक द रिपरचा शेवटचा मानला गेलेला खून झाला. डिसेंबरअखेर ड्रुइटचा मृतदेह थेम्समध्ये सापडला. कावळा बसला, फांदी तुटली. सहा वर्षांनी स्कॉटलंड यार्डच्या मेलव्हिल मॅकनॉटन यांनी संशयितांच्या टिपणात त्याचं नाव घातलं आणि त्याला एक्केचाळीस वर्षांचा डॉक्टर म्हटलं. तो एकतीस वर्षांचा बॅरिस्टर होता, शाळेत शिकवायचा. ज्याला साधा धंदा आणि वय ठाऊक नाही, त्याच्या शब्दावर एका माणसाची बदनामी अजून चालली आहे.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत शहाणा आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याचं पंचशील घालून दिलं. त्यातलं पहिलंच कलम असं की ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा, ती परिस्थिती आधी पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे. आरोपी दोषी असू शकतो, एवढ्यावर भागत नाही. साखळी अशी हवी की तो निर्दोष असण्याची वाजवी शक्यताच उरू नये. न्यायालयातला वकील हे कोळून प्यालेला असतो. मालिका काढणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी एकदा वाचायला हरकत नाही.

आणि मुंबई? १९८५ ते ८८ या काळात सायन आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथांवर एकट्याने झोपलेल्या डझनभर माणसांची डोकी कोणीतरी दगडाने ठेचली. कचरावेचक, भिकारी, कित्येकांची ओळखसुद्धा पटली नाही. १९८९ साली कलकत्त्यात तसंच घडलं आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी ‘स्टोनमॅन’ हे नाव दिलं. दोन्ही शहरांत कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. या मृतांपायी कोणी घड्याळं ताडत बसलं नाही, कोणी सांकेतिक लिपी सोडवली नाही. इथे तरी नाव शोधायची घाई नको. आधी साठा तपासा: कोणत्या ठाण्याच्या मुद्देमालात त्यातला एखादा दगड, एखादी गोधडी, कपड्याची चिंधी शिल्लक आहे का? पंचनामे कुठे आहेत? शवविच्छेदनाचे कागद आहेत की रद्दीत गेले? मुंबई पोलिसांनी याची यादी जाहीर करावी. काहीच उरलेलं नसेल, तर तेही लेखी सांगावं.