विडी वळणाऱ्या उद्योजिका

भंडारा जिल्ह्यात उद्योजक नाहीत, ही ओरड खोटी आहे. विडीच्या धंद्याने घरोघरी उद्योजिका केव्हाच तयार केल्या. तेंदूपत्ता, तंबाखू आणि सूत बाईला कागदोपत्री ‘विकायचं’, वळलेल्या विड्या तिच्याकडून ‘विकत घ्यायच्या’, की मालक संपला आणि मजूरही संपली. पत्ता फाटका निघाला, विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, तर नुकसान व्यापाऱ्याचं, म्हणजे सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचं. आज तिचा नातू घरबसल्या नागपूर-पुण्याच्या कंपन्यांसाठी डिझाइन करतो, तेव्हा त्याच्यापुढेही तोच कागद येतो. आता त्याला सेवा करार म्हणतात. दहा ते सहा ऑनलाइन बसायचं, सुट्टी विचारून घ्यायची, दुसऱ्याचं काम धरायचं नाही. पैसे मात्र व्यावसायिक शुल्क म्हणून, 10 टक्के टीडीएस कापून. म्हणजे भविष्य निर्वाह निधी सोडला, तर पोरगा थेट डॉक्टर-वकिलांच्या पंगतीत.

नातं कोणतं हे कागदाच्या मथळ्यावरून ठरत नाही, हे विडीवाल्यांमुळेच सर्वोच्च न्यायालयात चर्चिलं गेलं. बिर्धीचंद शर्मा खटल्यात (एआयआर 1961) नागपूरच्या कारखान्यातले कामगार मनाला येईल तेव्हा येत-जात, मजुरी नगावर मिळे. तरी निकृष्ट विडी नाकारण्याचा हक्क मालकाचा, म्हणून ते कामगारच ठरले. त्याच निकालसंग्रहाच्या पुढच्याच वर्षीच्या खंडात शंकर बालाजी वाजे खटला आहे. त्यात सिन्नरचा विडी वळणारा कामगार ठरला नाही. विडी तीच, न्यायालय तेच! शेवटी 1966 च्या विडी-सिगार कायद्याने कच्चा माल घेऊन घरी वळणाऱ्यांनाही कर्मचारी म्हटलं, तेव्हा कुठे गुंता थोडा सुटला.

काहींना नोकरी नकोच असते, असा आक्षेप येईल. खरं आहे. जो दर स्वतः सांगतो, काम नाकारतो आणि चार गिऱ्हाइकं सांभाळतो, त्याने सेवा करारच करावा. नोकरीचा करार त्याला काचेल. पण स्वातंत्र्याची किंमत दरात दिसली पाहिजे. आजारपण, रजा, म्हातारपण ज्याचं त्याने बघायचं, तर त्याचा दर पगारी माणसापेक्षा चढा हवा. असतो मात्र उतरता. ‘एवढी बंधनं आली तर आम्ही कामच देणार नाही,’ असंही बजावलं जातं. पण विडीवर कायदा आला म्हणून विड्या वळणं काही थांबलं नाही.

सरकारनेही मधला मार्ग काढला आहे. 21 नोव्हेंबर 2025 ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या व्याख्येनुसार गिग कामगार पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा. ॲपवाल्या कंपनीने त्याच्यासाठी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे, तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या आत. त्याच दिवशी 1966 चा तो कायदा दुसऱ्या एका संहितेत विरघळला. आता पोराने सही करण्याआधी एवढंच शोधावं, की काम नाकारल्यास काय होतं. तिथे दंड लिहिलेला असेल, तर सेवा कोणाची ते आजीला विचारावं.