नंबरप्लेटवर दादा व्हा: नवशिक्यांसाठी

गाडी हप्त्यावर घेतली, पेट्रोलला वडील आहेत. आता दादा व्हायला फक्त नंबरप्लेट उरली. घाबरू नका, आम्ही आहोत.

१. आधी आरटीओत फी भरून आकडा पकडा. इंग्रजी आकड्यांत ४१४१ म्हणजे दादा, २१४ म्हणजे राम, ४९१२ म्हणजे पवार, ८०५५ म्हणजे बॉस. या विद्येत चारासारखा राबणारा आकडा नाही: दादात तो द होतो, रामात म, पवारांत प. एकाला मात्र काहीच करावं लागत नाही, तो जन्मतःच काना आहे. तुम्हाला ७३८६ मिळाला असेल तर आम्हाला मनापासून वाईट वाटतं. आम्ही रात्रभर बसलो, त्यातून कुणीच निघालं नाही.

२. रेडियमवाला गाठा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ५१व्या नियमात चारचाकीच्या अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांतलं अंतरही १० असं ठरवून दिलंय. हे त्याच्यापुढे काढू नका, कलावंताचा मूड जातो. एमएच आणि बारा मुंगीएवढे करायला सांगा. चाराला शेपूट, वर शिरोरेषा.

३. उरलेल्या जागेत गावाचं नाव, 'आईचा आशीर्वाद', 'नाद करायचा नाय' आणि साहेबांच्या पक्षाचं चिन्ह बसवा. एवढं करूनही आकडा दिसतोच आहे? वाघाचा पंजा घ्या.

४. गाडी १ एप्रिल २०१९ नंतरची असेल तर धीर धरा. तिला उच्च सुरक्षा प्लेट असते: अॅल्युमिनियमचा पत्रा, अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगात 'इंड', दाबून उठवलेली अक्षरं आणि काढायला गेलं की तुटणारं कुलूप. सरपंचाला आणि त्याच्या ड्रायव्हरला एकच टाइप! माणसानं मोठं व्हायचं तरी कसं? उपाय एकच. पत्र्याला हात लावू नका, मागच्या काचेवर दीड फुटी 'दादा' चिकटवा. मागचं काही दिसणार नाही. दादांनी मागं बघायचंही नसतं.

५. आता चौकात जा. कुणी वळून बघितलं नाही तर खचू नका, पुन्हा एक चक्कर मारा. तिसऱ्या चकरेला हवालदार हात करतील, काठीनं कडेची जागा दाखवतील आणि प्लेटकडे न बघताच म्हणतील, "दादा, गाडी बाजूला घ्या."