होडी पाहावी घासून

ॲनापोलिसच्या आमच्या काकांकडे शिडाची बोट आहे म्हटल्यावर पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "मग काका, कधी नेताय?" काकांचं उत्तर ठरलेलं : "डेक होऊ दे."

बोट १९७८ची, कॅटलिना २७. फायबरग्लासच्या डेकवर पाय घसरू नये म्हणून साच्यातच खडबडीत नक्षी उठवलेली असते. ती पावलांनी, उन्हाने झिजली. दव पडलं की घसरगुंडी. एवढंच दुखणं. दुसऱ्या कुणी रंगाचा डबा आणून शनिवारी विषय संपवला असता. काका म्हणतात, "रंग कुणीही फासतो रे. तयारी!"

तयारी म्हणजे आधी सॉल्व्हंटने जुनं मेण पुसायचं, "नाहीतर घासताना तेच आत रुतून बसतं." हे त्यांनी नव्या जावयाला साखरपुड्यातच सांगितलं. गावात वसंताच्या स्वागताला बोटवाले हिवाळी मोजे जाळतात. काकांचे मोजे या पुसण्यासाठी राखून ठेवलेले. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत जायचा. आवाज बद्द आला की आत पाणी मुरलंय. आता ते कुणाकडे जेवायला गेले तरी बाथरूमच्या फरश्या वाजवून येतात आणि पानावर बसता बसता निकाल देतात, "कोपऱ्यातली पोकळ आहे हं."

खडबडीतपणा आणायचा कशाने, यावर ते तासभर बोलू शकतात. वाळूने गुडघे सोलतात. साखर बरी : ओल्या इपॉक्सीवर पेरायची, ते कडक झालं की पाण्याने धुवायची, खाचा उरतात. त्या प्रयोगापायी पाडव्याचं श्रीखंड आंबट झालं. काकूंनी ते तसंच वाढलं, न बोलता. शेवटी रोलरने लावायचा किवीग्रिप नावाचा जाड रंग ठरला. मग चिकटपट्ट्या. त्यांचे कोपरे गोलच हवेत, म्हणून खिशात जुना रुपया. रंग ओला असतानाच पट्टी ओढायची, तेव्हा कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

मागच्या उन्हाळ्यात पुढचा भाग झाला. काकांनी बादलीभर पाणी ओतलं आणि काकूंना म्हणाले, "चालून दाखव." काकू साडी सावरून ठामपणे चालल्या. "छान झालंय. आता शीड लावा."

"कॉकपिट राहिलंय ना!"

तिकडे जाणार असाल तर जरूर भेटा, माणूस लाखमोलाचा आहे. फक्त जुने कपडे न्या. पॉलिशपेपर ते देतात.