चिंधी अजून काळी येता

मालवण तालुक्यात वाडीगणिक एक तरी तात्या असतातच. वाडवडिलांकडून आलेली ठासणीची बंदूक, तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना, आणि नळीतली काजळी काढण्याचं जीवितकार्य. बंदूक माकडांना हाकलण्यासाठी असते, हा तपशील तात्यांच्या लेखी किरकोळ.

बार उडाला की माकडं दोन माड पलीकडे सरकतात. तात्या पडवीत येऊन बसतात ते दिवेलागणीपर्यंत. आधणाचं पाणी, गज, जुन्या धोतराच्या चिंध्या, खोबरेल. आतून काकी ओरडतात, "अहो, माकडां परत माडार चढली!" तात्या मान वर न करता म्हणतात, "थांब गे, चिंधी अजून काळी येता!"

शास्त्र त्यांच्या बाजूने आहे, हीच पंचाईत. काळ्या दारूत शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. जळल्यावर तिचं निम्म्याहून जास्त वजन घनरूपच उरतं. काही धुरातून जातं, बाकीचं नळीला धरतं. त्यातले क्षार हवेतलं पाणी ओढतात, आणि आमच्या किनाऱ्यावर हवेत पाण्याला काय तोटा? बंदूक तशीच ठेवली की लोखंड गंजलंच. नुसत्या तेलाने हे क्षार विरघळत नाहीत, पाण्याने विरघळतात. म्हणून आधी कढत पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल.

घोटाळा झाला तो पुतण्याच्या काडतुसाच्या बंदुकीपाशी. बिनधुराच्या दारूचा कार्बन पाण्याला दाद देत नाही. थरावर थर भाजून घट्ट बसतो. तात्यांनी रॉकेल लावलं, चुलीतली राख लावली, शेवटी काकींचं कोकमाचं आगळ ओतलं. आंबट आणि वर मीठ! सकाळी नळी सोलकढीसारखी गुलाबी. पुतण्याने मुकाट्याने कार्बन सोडवणारं द्रावण आणलं, ते नळीत मुरू दिलं आणि ब्रॉन्झचा ब्रश फिरवला. ब्रॉन्झ पोलादाहून मऊ, त्यामुळे नळीला चरे जात नाहीत. पांढरी चिंधी बाहेर आली तेव्हा तात्या म्हणाले, "ह्येका मेहनत म्हणत नाय."

2024 मध्ये लोकसभा नि विधानसभा अशा दोन आचारसंहिता लागल्या आणि तात्यांची बंदूक दोनदा ठाण्यात जमा झाली. निकाल कोणाच्या बाजूने लागला यात त्यांना रस नव्हता. तिकडे तिला तेल कोण लावतं, ही काळजी. त्याच वर्षी घाटावरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. वाडीने पेढे वाटले. तात्या म्हणाले, "पदक गावला ता बरा झाला. पण त्येची नळी कोण पुसता, ता पेपरात काय इला नाय."

त्यांची एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे. नळीकडे वळण्याआधी ते केप काढतात, तोंड स्वतःपासून लांब धरतात आणि गज आत सोडतात. गजावर रिकाम्या नळीची खूण आहे. खुणेपर्यंत गज गेला नाही, तर आत बार ठासलेला आहे. तुमच्या माळ्यावर आजोबांची ठासणीची असेल, तर पुसायला घेण्याआधी एवढं पाहा, आणि गज अडला तर जाणत्याला बोलवा. तात्यांना बोलावलंत, तर जेवणाची सोय ठेवा.