सुतात का एमएममध्ये?

कोल्हापुरात इंजिनिअर म्हणजे ज्याच्या नखात काळी वाळू असते तो. शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला, नाहीतर शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीसमोर भाजून निघालेला. त्यामुळे बेंगळुरूच्या विमान कंपनीत सीनिअर सिस्टिम्स इंजिनिअर असलेला भाचा जोतिबाच्या यात्रेला घरी आला की मामांकडून त्याची उलटतपासणी ठरलेली. ‘इंजिन करतोस?’ नाही. ‘पंख?’ नाही. ‘निदान बोल्ट तरी?’ तेही नाही. ‘मग पगार कशाचा घेतोस, मर्दा?’

भाचा खरं ते सांगतो. दुसऱ्यांनी बनवलेलं एकमेकांशी जमतंय का बघतो आणि कागद लिहितो. मामांच्या डोळ्यांपुढं तलाठी कार्यालय उभं राहतं.

कागद तरी कसले! विमानानं काय करायचं, ते एकेका वाक्यात. वाक्याला नंबर. नंबरासमोर ते कुणी, कसं तपासलं याचा पुरावा. अमुक सेन्सर बंद पडला तर काय, आणि बंद न पडता खोटं बोलायला लागला तर काय? अशुभ बोलण्याचा पगार देणारी दुसरी नोकरी माझ्या तरी पाहण्यात नाही. घरातून निघताना कुणी असं बोललं तर आपण पायताण शोधू.

मामांना 1999 चा मंगळ सांगावा. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर नऊ महिने प्रवास करून 23 सप्टेंबरला मंगळापाशी पोचलं आणि गायब झालं. यानाच्या छोट्या इंजिनांनी किती ढकललं, याचा हिशेब कोलोरॅडोच्या कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरनं पौंडांत दिला. कॅलिफोर्नियात बसून मार्ग आखणाऱ्यांनी तो न्यूटनमध्ये धरला. फरक जवळपास साडेचार पट. यान ठरल्यापेक्षा फार खाली उतरलं, संपलं. उद्यमनगरात ड्रॉइंग हातात पडलं की कालचं पोरगंसुद्धा आधी विचारतं, ‘मालक, सुतात हाय का एमएममध्ये?’ तिकडं विचारणारं पोरगं नव्हतं. बरं, आकडे जुळत नाहीत अशी शंका काहींना वाटेतच आली होती. पण ती रीतसर नोंदवली गेली नाही, असं चौकशीत निघालं. घ्या! कागदाला नावं ठेवा आता.

बोइंगच्या 737 मॅक्सची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. हवा नाकावर कोणत्या कोनातून येते ते मोजणारे सेन्सर दोन होते. नाक खाली दाबणारी यंत्रणा एका वेळी एकाचंच ऐकायची. तो चुकला की ती विमानाला जमिनीकडं ढकलायची, आणि पहिल्या अपघातापर्यंत या यंत्रणेची माहिती वैमानिकांच्या पुस्तिकेतही नव्हती. ऑक्टोबर 2018 मध्ये इंडोनेशियात 189 आणि मार्च 2019 मध्ये इथिओपियात 157 माणसं गेली. ‘एकाच सेन्सरवर का?’ हा प्रश्न शेवटपर्यंत लावून धरणं, हीच भाच्याची नोकरी. बोल्ट करणाऱ्याला तो प्रश्न पडायचं कारण नाही. त्याचा बोल्ट पास झालेला असतो.

आपलं गाव पास होणाऱ्या बोल्टचं. कुठलंही ड्रॉइंग द्या, कोल्हापूर ते ओतून देतं. पंपाचं असो, ट्रॅक्टरचं असो. ड्रॉइंगवर काय असावं हे मात्र दुसऱ्या गावात ठरतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये विमानाचा कारखाना काढला, तोही बेंगळुरूत. आज हायवेनं निपाणी, संकेश्वर मागं टाकलं की कर्नाटकातल्या हत्तरगीला विमानाच्या सुट्या भागांची वसाहत लागते. सीमाप्रश्नावर आपला घसा बसतो, तिकडं पार्ट निघत राहतात.

मामांच्या फौंड्रीतही अधूनमधून पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून एक माणूस येतो. भट्टीजवळ फिरकत नाही, कशाला हात लावत नाही. फाइल उघडतो, मागच्या हीटचे रिपोर्ट मागतो, एका ओळीवर बोट ठेवून ‘हे कुणी तपासलं?’ विचारतो. मामा त्याला साहेब म्हणतात, तांबडा-पांढरा मागवतात आणि निघताना गाडीचं दार स्वतः उघडतात.