अभिजात चित्रपटांचे भाविक

जुन्या अभिजात चित्रपटांविषयी आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनात जो अपार आदर वसतो, तो बहुधा ते चित्रपट न पाहिल्यामुळेच अबाधित राहिला असावा, असे माझे नम्र मत आहे. ‘प्रभात’च्या १९३७ सालच्या ‘कुंकू’चे नाव निघताच ज्यांचे हात आपोआप जोडले जातात, त्याच सद्गृहस्थांना प्रत्यक्ष खेळास नेऊन बसवावे, तर पार्श्वसंगीताचा बुद्ध्या त्याग करून दिग्दर्शक शांतारामबापूंनी केवळ घड्याळाच्या ठोक्यांवर आणि घरातल्या साध्या आवाजांवर उभा केलेला प्रसंग ऐन रंगात आला असता, ते ध्वनियंत्र बिघडल्याची तक्रार गुदरतात. (त्या घड्याळाचा अभिनय आजच्या कित्येक नायकांहून सरस आहे, पण तो मुद्दा अलाहिदा.) शांता आपटे यांची नीरा जरठ पतीचे पतित्व साफ नाकबूल करते, तेव्हा तर हे भाविक दचकतातच, जुन्या चित्रपटात इतका नवा विचार असणे त्यांना शिरस्त्याविरुद्ध वाटते. मध्यंतरात बटाटेवडा खाऊन ते घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत, तसे चित्रपट आता होत नाहीत, असा दाखला देतात. दाखला खोटा नाही. तो देण्याचा अखत्यार मात्र अखेरपर्यंत बसणाऱ्यांकडेच असावा, एवढीच विनंती.